पाचवा टॉवेल

सोमवार, ३ ऑक्टोबर

पोचले बाई एकदाची! ओसाकाहून दोन गाड्या, एक बस आणि शेवटी त्सुबोई काकांची बोट. बोटीत मी, काका आणि संत्र्यांचे रिकामे क्रेट. काका तोंडाने भारी फटकळ. म्हणाले, ओसाकाची माणसं इथे पंधरा दिवस टिकत नाहीत, परतीची जागा आत्ताच धरून ठेवू का? मी म्हटलं, धरा की, पण खिडकीजवळची धरा. तेव्हा कुठे हसले, आणि माझी बॅग स्वतः उचलून धक्क्यावर ठेवली.

घर बेटाच्या उतारावर आहे, चहूबाजूंनी संत्र्यांची झाडं. शिगेनो-सान दारातच उभ्या होत्या. वय एकाहत्तर, पाठ ताठ, हात ऊबदार. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मनोरुग्णालयात त्यांनी तीस वर्षं नर्स म्हणून काढली, आणि तिथल्या बंद वॉर्डात सडत पडलेल्या माणसांसाठी हे घर उघडलं. दाराला कुलूप नाही, खिडकीला गज नाहीत. घरातले सगळे त्यांना आई म्हणतात.

नोकरीसाठी पाठवलेला माझा आरोग्य तपासणीचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. म्हणाल्या, कानाए-सान, तुमचं रक्त किती सुंदर आहे हो, पांढऱ्या पेशी सहा हजार दोनशे चाळीस, आणि गट ए! चौतीस वर्षांत माझ्या नाकाला कुणी सुंदर म्हटलं नाही, रक्ताला म्हटलं. मिळेल ते पदरात पाडून घ्यावं. या घरात सगळे ए गटाचेच आहेत म्हणे. रक्तगटावरून माणसांच्या जोड्या जुळवणारी माझी सासू इथे असती तर खूश झाली असती. घटस्फोटाच्या वेळी तिचं एकच पालुपद होतं, ए आणि बीचं जमत नाही हे मी आधीच सांगितलं होतं.

खाली तिघं राहतात. हिरोबे आजोबा, अडुसष्ट वर्षांचे, त्यांतली एकतीस वर्षं बंद वॉर्डात. कुगा-सान, पन्नाशीचे, बोलत नाहीत, पण संत्र्याची साल एकाही ठिकाणी न तोडता सोलतात. आणि तामाकी, एकोणतीस वर्षांची पोरगी, दिवसभर झाडांची चित्रं काढते. वरच्या मजल्यावर मित्सुए-सान. त्या खाली येत नाहीत, आणि अनोळखी माणसाला बिचकतात, म्हणून मी वर जायचं नाही. त्यांचं ताट आईच नेतात.

माझ्या आधीची मदतनीस लग्न करून पलीकडे गेली. तिचा एप्रन स्वयंपाकघरात खुंटीवर होता, मला अगदी मापात बसला. खिशात चिठ्ठी सापडली, थरथरत्या हाताने एकच शब्द लिहिलेला: चहा. सामानाची यादी करायला बसली आणि लग्नाच्या नादात विसरली असणार. संध्याकाळी दुकानातून चहाचा पुडा घेऊन आले.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

आज सकाळी दोरीवर चार टॉवेल वाळत होते. प्रत्येकाची किनार वेगळी: आजोबांचा हिरवा, कुगा-सानचा करडा, तामाकीचा निळा, वरच्या मित्सुए-सानचा पिवळा. मी म्हटलं, रोज टॉवेल कशाला धुता? तर ते उशीवरचे. या औषधाने झोपेत लाळ इतकी गळते, की टॉवेल नसला तर उशी पिळावी लागेल.

औषधाचं नाव क्लोझापीन. बाकी सगळी औषधं हरली की मग हे देतात. आईंनी मला शेजारी बसवून समजावलं, आणि शाळेत मन लागत नसे ती मी एकेक शब्द वहीत उतरवून घेतला. झोप येते, वजन वाढतं, उठताना अंधारी येते, पोट इतकं बांधतं की त्यानेच माणूस जाऊ शकतो, म्हणून शौचाचा रोजचा तक्ता. छाती धडधडली तर लगेच सांगायचं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे लाखात नव्हे, शंभरात एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. मग साधा घसा धरला तरी माणूस हातचा जातो. घसा दुखला, ताप आला, की त्याच दिवशी रक्त तपासायचं. संख्या तीन हजारांच्या खाली गेली की औषध बंद, आणि एकदा बंद झालेलं पुन्हा मिळणं जवळजवळ अशक्य. औषध गेलं, की जुने आवाज परत येतात, आणि माणूस परत बंद वॉर्डात.

गोळ्या संध्याकाळी, प्रत्येकाच्या नावाच्या पुडीत. गिळल्यावर जीभ वर करून दाखवायची. हे काम आता माझं. आजोबा जीभ वर करून वर मलाच डोळा मारतात, मेले!

रक्त दर मंगळवारी सकाळी, आठ चाळीसच्या बोटीने रुग्णालयात जातं. या घरात एक पद्धत आहे: सुई आधी मदतनिसाला, सगळ्यांदेखत. म्हणजे बाकीच्यांना धीर येतो. आईंनी माझ्या चार नळ्या भरल्या. मी म्हटलं, एक पुरे नाही का? तर म्हणाल्या, एकेकाच्या वाट्याची एकेक, प्रत्येकाला वाटलं पाहिजे की ही माझ्यासाठी बसली. मग फेकून देतात. नंतर तिघं एकेक करून आईंच्या खोलीत जाऊन आले, दार लावून. सगळ्यांसमोर बाही वर करायची त्यांना लाज वाटते म्हणे. मला वाटत नाही, मी ओसाकाची.

रविवार, ९ ऑक्टोबर

काय हवा आहे या बेटाची! दुपारी जेवले की अशी झोप येते की डोळे उघडत नाहीत. ओसाकात गोळी घेऊनही येत नसे. आई हसतात. संध्याकाळी त्या मला स्वतः संत्र्याच्या सालीचा चहा करून देतात, मध घालून. तळाशी थोडा कडवट लागतो. साल म्हटल्यावर लागणारच.

तामाकीने मला तिची वही दाखवली. पहिल्या पानावर एकच झाड, सत्तर-ऐंशी वेळा. आठ वर्षं वॉर्डाच्या खिडकीतून भिंत दिसायची, तेव्हा आठवून आठवून काढायची. आठवण पुसट होत गेली तशी झाडाची पानं कमी होत गेली. इथे आल्यावर पहिल्या दिवशी ती बागेतल्या झाडाला हात लावून अर्धा तास उभी होती. हे तिने हसत सांगितलं आणि मलाच रडू आलं. हिला इथून कुणी हलवलं तर मी त्याचं तंगडं मोडीन.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

चार नळ्या. उठताना जरा भोवंडलं. दुपारी आजोबांना आंघोळीला मदत केली. गंमत म्हणजे त्यांच्या कोपराच्या खळगीत सुईची एकही खूण नाही. माझ्या हाताला दोन वेळांतच हिरवंनिळं झालंय. मी म्हटलं, आजोबा, तुमची कातडी कसली, गेंड्याची? एरवी टोल्याला टोला देणारा हा म्हातारा आज कोपर पाण्याखाली घेऊन बसला.

रविवार, १६ ऑक्टोबर

आज मी वर गेले. जायचं नव्हतं, पण आई देवळात गेल्या होत्या आणि वरून धप्प आवाज आला. मित्सुए-सान पलंगाखाली पडल्या होत्या. म्हाताऱ्या असतील असं धरून चालले होते, पण चाळिशीही नसेल. चेहरा सुजलेला, हनुवटीवरून लाळ. मी उचलून बसवलं. त्यांनी माझं मनगट धरलं, आधी वाटलं आधारासाठी. पण त्यांची दोन बोटं नेमकी नाडीवर होती. ओठ हलत होते, मोजत होत्या, आणि मान खाली घालून स्वतःच्या छातीवर डाव्या बाजूला बघत होत्या. नर्सचं उलटं घड्याळ असतं ना टाचलेलं, तिथे. घड्याळ नव्हतं.

रुग्ण असं करत नाही हो. नाडी मोजायची सवय नोकरीने लागते.

पायऱ्यांवर आई भेटल्या. रागावल्या नाहीत. उलट माझ्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, तुम्ही फिकट दिसता, आज चहा जरा जास्त घ्या.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

रुग्णालयातून गेल्या आठवड्याचे अहवाल आले. फाइलला लावायचं काम माझं, म्हणून प्रथमच नीट वाचले. हिरोबे: पांढऱ्या पेशी सहा हजार एकशे नव्वद. कुगा: सहा हजार दोनशे. तामाकी: सहा हजार एकशे ऐंशी. मित्सुए: सहा हजार दोनशे दहा. बरं, हा योगायोग म्हणू. पण साखर? चरबी? लोह? अडुसष्ट वर्षांचा म्हातारा आणि एकोणतीसची पोर, दोघांचं लोह सारखंच कमी, जसं गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझं सांगितलं होतं तसं.

मागच्या पानांवर तेच. सप्टेंबरअखेरपर्यंत चौघांचे आकडे एकमेकांसारखे, पण माझ्यासारखे नाहीत. ते आठवड्यागणिक उतरत गेलेले. पाच हजार, चार हजार, तीन हजार दोनशे. आणि ऑक्टोबरपासून एकदम माझे.

चार नळ्या. फेकत नव्हत्या.

बुधवार, १९ ऑक्टोबर

आईंना सरळ विचारलं. त्या भाजी चिरत होत्या, सुरी खाली ठेवली, आणि काहीही न लपवता सांगितलं. मला वाटलं होतं नाकारतील. नाकारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणाल्या, वॉर्डात त्यांचा एक पेशंट होता, या औषधाने बारा वर्षांत प्रथमच शुद्धीवर आला, बायकोला नावाने हाक मारली. तेराव्या आठवड्याला संख्या दोन हजार आठशे आली. औषध बंद. तीन आठवड्यांत त्याला पुन्हा बांधायची वेळ आली, आणि पुढच्या वर्षी तो बांधलेल्या अवस्थेतच गेला. आकडा दोनशेने कमी होता, कानाए-सान, फक्त दोनशेने. त्या दिवशी मी ठरवलं, माझं एकही माणूस आकड्यापायी परत जाणार नाही. एका निरोगी माणसाचं चमचाभर रक्त, आणि चार माणसांना उघडं आभाळ. तुमच्यात मुबलक आहे.

मी म्हटलं, आणि खरंच कुणाच्या पेशी कोसळल्या तर? त्या म्हणाल्या, आठ वर्षांत नाही कोसळल्या. मित्सुए-सानबद्दल विचारायचं होतं, तेवढ्यात दारात तामाकी उभी दिसली. सगळं ऐकलं होतं तिने. तिने गुडघे टेकले, कपाळ चटईला लावलं आणि म्हणाली, कानाए-ताई, सांगू नका. माझं एक झाड अजून अर्धं राहिलंय.

मी कबूल केलं. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणावर ढकलता यायचं नाही. मी कबूल केलं.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

चार नळ्या. आता सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे कुणी आईंच्या खोलीत जाऊन यायचं नाटकही करत नाही. कुगा-सानने मला सोललेलं संत्रं दिलं.

बातमी अशी, की पुढच्या महिन्यात रुग्णालय रक्तातलं औषधाचं प्रमाणही मोजणार आहे. वर्षातून दोनदा मोजतात. हे ऐकून खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. माझ्या रक्तात या औषधाचा कणही नाही. म्हणजे माझं रक्त चालणार नाही, सोंग आपोआप संपेल, आणि मला कुणाचा घात करावा लागणार नाही. आईंना मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्याची तुम्ही काळजी करू नका. आणि चहाचा पेला पुढे सरकवला.

रविवार, ३० ऑक्टोबर

झोप, झोप, नुसती झोप. स्कर्टचा हुक लागत नाही. आजोबा म्हणाले, बेट मानवलं तुम्हाला. पोटही चार दिवस साफ नाही. सगळ्यांचे तक्ते भरते आणि स्वतःचं हसू येतं.

बुधवार, २ नोव्हेंबर

आज उठले तर उशी ओली.

भिजलेली. गालापासून मानेपर्यंत गार चिकट. पाच मिनिटं मी तशीच पडून राहिले आणि छताकडे बघत म्हणत राहिले, घाम असेल. घाम आहे. बाई, घाम आहे हा.

घाम एका बाजूनेच येत नाही.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

दुपारी खोलीत आले. उशीवर घडी घातलेला नवा टॉवेल होता. गुलाबी किनार. कोपऱ्यात माझं नाव, बारीक सुबक टाक्यांनी. आईंच्या हातचे टाके.

दोरीवर उद्या पाच असतील.

त्या एप्रनमधली चिठ्ठी. यादी नव्हती ती. आणि तिचं लग्नही झालेलं नाही. ती वर आहे, आणि तिने माझी नाडी मोजली.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

चहा मोरीत ओतला. आईंनी पाहिलं आणि रिकामा पेला धुऊन ठेवला. तरी सकाळी उशी ओलीच. म्हणजे सूपमध्येही. आता फक्त कुगा-सानकडची संत्री खाते, अख्खी, मी स्वतः सोललेली. ते रोज चार आणून ठेवतात आणि माझ्याकडे न बघता जातात.

निघून जायला हवं. उद्याच. पण आज तामाकी जेवली नाही. गिळताना दुखतं म्हणाली.

शनिवार, ५ नोव्हेंबर

तामाकीचा घसा लालभडक. मी आईंना म्हटलं, आजच्या आज खरं रक्त, तिचं स्वतःचं. तुम्हीच शिकवलंत मला, वहीत आहे माझ्या. आईंनी फाइल उघडून तिचा मंगळवारचा अहवाल दाखवला. सहा हजार शंभर. बघा, छान आहे, साधी सर्दी आहे.

मी ओरडले, ते माझं रक्त आहे हो! त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मीच वेडी. स्वतः रचलेलं त्यांना आता खरंच वाटायला लागलंय. त्या खोटं बोलत असत्या तर मी भांडले असते.

सोमवार, ७ नोव्हेंबर

ताप एकोणचाळीस पाच. तोंडात पांढरे चट्टे. पाणीही जात नाही.

माझ्या मोबाइलवरून रुग्णालयाच्या औषध विभागाला फोन लावला. जीभ जड, म्हणजे पिण्याच्या पाण्यातही घालत असणार. शब्द तोंडातच चिकटतात, मधेच लाळ. मी सांगितलं, अहवाल खोटे आहेत, मुलगी मरतेय, मला औषध घालतात. पलीकडची बाई इतकी गोड. म्हणाली, हो का, घाबरू नका हं, तुम्ही कोणत्या घरात राहता? आजची गोळी घेतलीत का? जवळ घरातलं कुणी असेल तर फोन द्या ना त्यांच्याकडे.

आई मागेच उभ्या होत्या. फोन त्यांनी घेतला. आता त्यांच्या कपाटात आहे.

उद्या मंगळवार. उद्या बोट. तामाकीला घेऊन मीच जाणार. रक्त नाही, अख्खी पोर नेते.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

नेली. धक्क्यापर्यंत नेली. ती माझ्या खांद्यावर, मी भिंतीच्या आधाराने. उतारावर दोनदा पडलो.

त्सुबोई काका पुढे आले. मला वाटलं आता टोमणा मारतील, खिडकीजवळची जागा. नाही. खाली वाकून, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाशी बोलावं तसे बोलले. काना-ए-सान, हळू, हळू. आईंनी सांगितलंय मला. दुसऱ्यांची सेवा करता करता तुम्हीच आजारी पडलात ना? होतं असं. बसा इथे.

क्रेटवर बसवलं आम्हाला. माझी हनुवटी पुसली. त्यांच्या रुमालाने.

मी म्हटलं, हिला न्या, मला नका नेऊ, हिला न्या. काकांनी तामाकीला विचारलं, पोरी, जायचं का रुग्णालयात? आणि ती, तापाने फणफणलेली, माझा हात सोडून म्हणाली, नाही. मला बरं आहे. मला तिथे नका पाठवू.

आई आल्या. काकांच्या हातात बर्फाची पेटी दिली. चार नळ्या. सकाळी झोपेत असताना माझ्या—

बोट गेली.

बुधवार, ९

सगळ्यांसमोर पुडी. माझ्या नावाची छापील पुडी. गिळली.

आई म्हणाल्या, जीभ वर करा.

आजोबांनी डोळा मारला नाही. रडत होते.

शुक्रवार?

वर आहे. मित्सुए-सानच्या शेजारी गादी. ती नाडी मोजते माझी. दिवसातून कितीदा. एकशे वीस. बोटांनी दाखवते. छाती धडधडली तर लगेच सांगायचं, पण कुणाला—

खाली तामाकी खोकत होती. दुपारपासून नाही.

शनिवार

आजोबा वर आले. कपाळ जमिनीला टेकवलं, उठेचनात. तामाकी झाडांपाशी आहे म्हणाले. मी विचारलं, चित्र काढतेय? तर कपाळ आणखी घट्ट टेकवलं.

खिडकीतून दोरी दिसते. हिरवा, करडा, पिवळा, गुलाबी. पुन्हा मोजले. मित्सुए-सानलाही मोजायला लावले.

चार. निळा नाही.

मी कबूल केलं होतं. मी.

मंगळवार, बहुतेक २२

कुगा-सान आले. पहिल्यांदाच वर. एक कागद ठेवला माझ्यापुढे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अहवाल.

नाव: तामाकी. तारीख गेल्या मंगळवारची. पांढऱ्या पेशी पाच हजार आठशे. औषधाचं प्रमाण योग्य. खाली शिक्का: प्रकृती उत्तम, औषध चालू ठेवावे.

झाडाखाली आहे ती. आणि तिची प्रकृती उत्तम आहे.

माझ्या रक्ताने—

—

उतरतेय. चार हजार. मग तीन हजार चारशे. आई आकडा बघून माझ्या केसांवरून हात फिरवतात. दमलात हो, म्हणतात. खरंच माया आहे त्या हातात. तेच तर

जाहिरात लिहायला बसल्या. ए गट. निरोगी. आरोग्य तपासणीचा कागद सोबत जोडावा.

सोमवार. बोटीचा भोंगा

कुणीतरी हसतंय खाली. बाईचा आवाज. काकांनी टोमणा मारला असणार, हसू आवरत नाहीये तिला. आई म्हणतायत, किती सुंदर रक्त आहे हो तुमचं.

हाक मारली. आवाज निघाला नाही. नुसती लाळ.

तिला सांगतायत, वरच्या दोघी अनोळखी माणसाला बिचकतात.

कुगा-सान दारात. हात पुढे केलाय. त्यांना सगळं सांगितलं काल, एप्रन, खुंटी, खिसा. वही नेतील. अख्खी वही, चिठ्ठी नाही. चिठ्ठी कुणी वाचत नाही, मी तरी कुठे—

पावलं. जिन्यावर. आई. कपबशी वाजतेय. लवकर लिही कानाए, पहिल्या पानावर लिही, मोठं लिही, तिला आधी हेच दिसलं पाहिजे, बाई गं, तू जी कोण असशील ती, आज संध्याकाळी ती तुला देईल तो चहा